जुन्या मोटारीस नवे गिअर

जुनी वस्तु जपावयाची म्हणजे तिला हातच लावावयाचा नाहीं काय? शेव्हरोलेच्या १९४७ ते १९५३ या काळांतील ३१०० मालमोटारीविषयीं अमेरिकेंतील शौकिनांपुढें हा प्रश्न आजहि उभा राहतो. तिच्या २१६ घनइंची एंजिनांतील बेअरिंगें मऊ पांढऱ्या धातूचीं ओतीव. दट्ट्यांच्या दांड्या पळ्यांनीं तेल झेलून घेतात. सतत भरधाव धांवणें अशा एंजिनास मानवत नाहीं. मूळच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या गिअरमध्यें चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे ४.११ फेरे होतात. एस-१० मोटारीचा टी-५ हा पांच गिअरांचा गिअरबॉक्स बसविला, आणि त्याचा पांचवा गिअर ०.७२ गुणोत्तराचा असला, तर तेंच काम तीनाच्या आंत भागतें.

परंतु मूळचा शाफ्ट नळींत बंदिस्त. म्हणून गिअरबॉक्सबरोबर बहुधा मागील आंसहि बदलावा लागतो. त्याचें गुणोत्तर फार उतरविल्यास चढावर एंजिन दम टाकील, हें विसरूं नये.

वडिलोपार्जित वाड्यांत विजेचे दिवे घेतल्यानें वाडा बाटत नाहीं. तुळई कापल्यास मात्र वाडा उरत नाहीं. बदल अवश्य करावा. पण आमच्या मतें सांगाडा कापूं नये, आणि काढलेले भाग तेल लावून जपावे. मूळ रूप परत आणण्याचा पुढील पिढीचा हक्क आपण कां बुडवावा?