रस्ते झाले, मुक्कामाचे काय?

थंडी पडू लागली आणि शाळांना नाताळची सुट्टी लागली की चोर्ला, अनमोड आणि आंबोली या तिन्ही घाटांतून गोव्याकडे उतरणाऱ्या वाहनांची रीघ लागते. त्यांत तरुणांच्या टोळक्यांच्या मोटारी असतात, तशीच आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सारे बिऱ्हाड बरोबर घेऊन निघालेली कुटुंबेही असतात. कुणी भाड्याची मिनीबस केलेली असते, कुणी जीपच्या टपावर पातेली, शेगडी आणि पाण्याचे कॅन बांधलेले असतात. अलीकडे या रांगेत एका नव्या वाहनाची भर पडली आहे. आत बिछाने, ओटा, शौचकूप अशी सर्व सोय असलेली 'कॅराव्हॅन' आता आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसू लागली आहे. लहान मुलांना घेऊन हिवाळ्यात चार दिवस चाकांवरच्या घरात राहावे, ही कल्पना मध्यमवर्गीय कुटुंबांना मोहक वाटावी यात नवल नाही. प्रश्न एवढाच आहे की, हे घर रात्री उभे कोठे राहणार?

या प्रश्नाकडे शासन दोन वेगवेगळ्या चष्म्यांतून पाहते, असे खेदाने म्हणावे लागते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००९ सालीच कॅराव्हॅन आणि त्यांचे तळ यांविषयीचे धोरण आखले. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ साली आपापली धोरणे जाहीर केली आणि केरळने तर वागमोणच्या डोंगराळ भागात असा पहिला तळ उभाही केला. मोटार वाहन नियमांत या वाहनाची व्याख्या आहे: बसण्याची जागा व मेज, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा या चार गोष्टी त्यात असल्या पाहिजेत. म्हणजे वाटेत मुक्काम करावा, चूल पेटवावी आणि झोपावे ही प्रवाशाची गरज कायद्याने मान्य केली आहे. परंतु हीच गरज भाड्याच्या मिनीबसमधून आलेल्या कुटुंबाने किनाऱ्यालगतच्या झाडाखाली भागवली की तो गुन्हा ठरतो. गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा २०१९ साली दुरुस्त झाला आणि उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस दोन हजार, तर गटास दहा हजार रुपये दंड ठरला. २०२२ च्या ऑक्टोबरातील आदेशाने हा आकडा पाच हजारांपासून पन्नास हजारांवर नेला आणि २०२५ च्या दुरुस्तीने कमाल मर्यादा एक लाखापर्यंत गेली.

दंड नको, असे आमचे म्हणणे नाही. किनारपट्टीच्या गावांतील लोकांची तक्रार रास्त आहे. सकाळी दार उघडावे तो समोरच्या माडाखाली खरकटे, प्लास्टिकची ताटे, विझलेली चूल आणि त्याहून किळसवाणे काही दिसावे, हे कोणत्याही गावाने का सोसावे? सुमारे पंधरा लाख वस्तीच्या या चिमुकल्या प्रदेशात २०२४ साली एक कोटीहून अधिक पर्यटक आले आणि त्यांत विदेशी पाच लाखांहूनही कमी होते. म्हणजे आपला पाहुणा आता मुख्यतः देशी आहे, शेजारचा आहे आणि पुष्कळदा सहकुटुंब येणारा आहे. त्याला 'दर्जेदार पर्यटक' नव्हे म्हणून नाके मुरडणे सोपे आहे. पण बेळगाव, हुबळी, कोल्हापूर किंवा सोलापूरहून दहा माणसे घेऊन आलेल्या गृहस्थाला मोसमातील हॉटेलचे भाडे परवडत नाही, हा काही त्याचा अपराध नव्हे. त्याने कोठे शिजवू नये, कोठे झोपू नये हे सांगणारे फलक आपण जागोजाग लावले. कोठे शिजवावे, मुलांना कोठे न्हाऊ घालावे आणि घाण पाणी कोठे सोडावे, हे सांगणारा एकही फलक आपण लावलेला नाही. पर्याय न देता केलेली मनाई शिस्त लावत नाही. ती माणसाला अधिक अंधाऱ्या जागी ढकलते.

वास्तविक सहकुटुंब प्रवास आणि वाटेवरचा मुक्काम या गोष्टी आपल्याला मुळीच नवख्या नाहीत. मार्गशीर्षी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लमा डोंगराकडे बेळगाव-कोल्हापूर भागातून बैलगाड्यांचे तांडे निघत. गाडीत पोरेबाळे, गाडीखाली कंदील आणि मागे वैरणीचा भारा. कोणत्या ओढ्याकाठी बैल सोडायचे आणि कोणत्या आमराईत चूल मांडायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. गोमंतकात तर देवस्थानांच्या अग्रशाळा हे या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण होय. पौषात फातर्पे, माघात कवळे, मंगेशी, म्हार्दोळ अशा जत्रांना दूरदूरची कुळावी मंडळी सहकुटुंब येत. अग्रशाळेत त्यांना खोली मिळे, विहिरीचे पाणी मिळे, रांधण्यास जागा मिळे. त्या बदल्यात सोवळ्या-ओवळ्याचे, स्वच्छतेचे आणि वेळेचे नियम पाळावे लागत. ते नियम लोक पाळत, कारण आधी सोय होती आणि मग शिस्त. त्या काळच्या व्यवस्थेत जातिभेदाचे वैगुण्य होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पाहुण्याला आधी जागा द्यावी आणि मग जबाबदार धरावे, हे त्यातले तत्त्व आजही खरे आहे.

चाकांवरचे घरही आपण प्रथमच पाहत आहोत असे नाही. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल असा खुष्कीचा पल्ला मारून युरोपातील तरुण जुन्या मोटारगाड्या घेऊन हणजूण-कळंगुटपर्यंत येत आणि थंडीचे महिने येथे काढत. त्यांच्यापैकी काहींबरोबर तान्ही मुलेही असत. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो मार्ग बंद पडला. त्यांच्या राहणीविषयी आपण पुष्कळ टीका केली. पण ही वाहने कोठे उभी राहावीत, त्यांचे सांडपाणी कोठे जावे याचा विचार तेव्हा झाला नाही. आणि आजही, पन्नास वर्षांनंतर, किनारा हाच तळ मानला जातो.

हा केवळ केरकचऱ्याचा प्रश्न असता तरी त्याकडे लक्ष देणे प्राप्त होते. परंतु त्यात माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, जिवाचा प्रश्न गुंतला आहे. २०२४ च्या डिसेंबरात केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. वातानुकूलनासाठी सुरू ठेवलेल्या जनित्रातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरल्याने त्यांना मृत्यू आला, असे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्याला जाग येत नाही. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून त्यांना हा वायू अधिक लवकर बाधतो. थंडी म्हणून काचा गच्च लावून इंजिन किंवा जनित्र चालू ठेवणारे आणि बंद गाडीत शेगडी पेटवणारे पालक आपल्या मुलांना कोणत्या संकटात लोटतात, याची त्यांना कल्पनाही नसते. तळावर वीज जोडून घेण्याची साधी सोय असेल तर जनित्राचे कारणच उरत नाही.

दुसरा धोका रस्त्याचा. मुक्कामाला जागा नाही म्हणून कुटुंबे रात्रीच घाट उतरतात. दिवसभर गाडी चालवून दमलेला चालक पहाटेच्या वेळी चोर्ल्याच्या वळणांवर येतो, मुलांना गाडी लागलेली असते, आई त्यांना मांडीवर घेऊन पुढच्याच आसनावर बसलेली असते. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचे सुरक्षित आसन नसेल तर चालकास एक हजार रुपये दंड होतो, ही तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. ती किती पालकांना ठाऊक आहे? कॅराव्हॅनमध्ये तर बिछाना समोरच असल्यामुळे मुलांना धावत्या गाडीत निजवण्याचा मोह अधिक. तो बिछाना उभ्या गाडीसाठी असतो, हे भाड्याने वाहन देणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला बजावून सांगितले पाहिजे.

मग करावे काय? पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले आणि पोळे ही राज्याची प्रवेशद्वारे आहेत. यांपैकी प्रत्येक मार्गावर, घाट उतरल्याबरोबर, एक साधा वाहनतळ शासनाने उभारावा. त्यास चकचकीत रूप देण्याचे कारण नाही. सपाट जमीन, पिण्याचे पाणी, स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे, रांधण्यासाठी पत्र्याची शेड, वीज जोडून घेण्याचे खांब, सांडपाणी व मैला सोडण्यासाठी बंदिस्त टाकी, दिवाबत्ती आणि रात्रीचा पहारेकरी, एवढे असले की पुरे. मुक्कामाचे शुल्क घ्यावे. फुकटाची किंमत राहत नाही. पण लाखो रुपयांची कॅराव्हॅन आणि भाड्याची मिनीबस यांना एकाच फाटकातून, एकाच नियमाने प्रवेश असावा. चालवण्याचे काम स्थानिक पंचायतींकडे व महिलांच्या बचतगटांकडे द्यावे, म्हणजे सकाळच्या चहा-भाकरीचे चार पैसे गावातच राहतील. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांना पर्यटनाचा ओझरता स्पर्शही होत नाही, अशी ओरड आहे. ती दूर करण्याचाही हा एक मार्ग आहे. जुन्या गोव्यात २०२४-२५ च्या शवप्रदर्शनासाठी शासनाने तात्पुरती का होईना, मोठी व्यवस्था उभी केली होती. तेव्हा इच्छा असली की हे जमते, हे सिद्धच आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य वाटते. तळाच्या नावाखाली कोमुनिदादीच्या जमिनी, खाजन शेती किंवा किनारी नियमन क्षेत्रातील भूखंड कोणा भांडवलदाराच्या घशात जाता कामा नयेत. आज वाहनतळ, उद्या तंबू, परवा सिमेंटच्या खोल्या आणि तेरवा कुंपण, हा क्रम गोमंतकीयांच्या चांगला परिचयाचा आहे. जमीन सार्वजनिक राहावी, तिच्यावर पक्के बांधकाम केवळ स्वच्छतागृहांपुरते असावे आणि किती वाहने राहतील याची संख्या गावातील पाणी पाहून ठरावी. या अटी आधी लिहून ठेवल्या नाहीत तर योजना चांगली असूनही लोकांचा विरोध होईल आणि तो योग्यही असेल.

असे तळ झाल्यानंतर मात्र दंडाच्या बाबतीत दयामाया नको. जवळच सोय असताना जो किनाऱ्यावर चूल मांडेल, जो नदीत मैला सोडेल, त्याच्याकडून पूर्ण दंड वसूल करावा. मग ती गाडी मिनीबस असो की कॅराव्हॅन. आज पोलीस शिपाई पातेल्यासमोर उभा राहतो तेव्हा समोरच्या गृहस्थाचा एकच प्रश्न असतो: "मग आम्ही जायचे कुठे?" त्याचे उत्तर शिपायाजवळ नसते, म्हणून पुष्कळदा प्रकरण तडजोडीवर मिटते आणि कायद्याची शान जाते.

गेल्या काही वर्षांत झुआरीवर नवा पूल झाला, मोपाला विमानतळ झाला, रस्ते रुंदावले. प्रवासाचा वेग वाढवण्यावर आपण अमाप पैसा खर्च केला. परंतु प्रवास म्हणजे केवळ वाट नव्हे. निम्मा प्रवास मुक्कामाचा असतो आणि ज्याच्या मांडीवर लहान मूल आहे त्याच्यासाठी तर तो निम्म्याहून अधिक असतो. येत्या मोसमापूर्वी या पाच मार्गांपैकी एका मार्गावर जरी असा तळ उभा राहिला, तरी त्याचे गुणदोष कळतील आणि पुढचे काम सोपे होईल. शासनाने तेवढ्यापासून आरंभ करावा.