विश्लेषण : सत्तरच्या दशकातली गाणी टिकली, मग दूरदर्शनचे कार्यक्रम कुठे गेले?

श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ची (१९७६) नव्याने दुरुस्त केलेली प्रत मे २०२४ मध्ये कान महोत्सवात झळकली. पाठोपाठ जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे ‘शोले’ (१९७५) नव्या झळाळीसह, सेन्सॉरमुळे बदलावा लागलेल्या मूळ शेवटासह दाखवण्यात आला. पण त्याच दशकात मुंबई दूरदर्शनवर गाजलेल्या ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’चे सगळे भाग पाहायचे म्हटले तर ते मिळत नाहीत. एकाच काळातली गाणी घरोघरी आहेत, चित्रपट अर्धेमुर्धे आहेत आणि दूरचित्रवाणी जवळजवळ नाही. असे का झाले?

गाणी कशी टिकली?

त्या काळी गाणे बाजारात यायचे ते तबकडीच्या रूपाने. कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात ‘एचएमव्ही’च्या तबकड्या तयार होत. सत्तरच्या दशकात ‘पॉलिडोर’ ही दुसरी मोठी कंपनी स्पर्धेत होती. ‘शोले’च्या संवादांची तबकडी तिनेच काढली आणि ती गाण्यांइतकीच वाजली.

एका गाण्याच्या हजारो प्रती हजारो घरांत पोहोचत. कंपनीच्या गोदामातली मूळ फीत खराब झाली तरी कुणाच्या तरी कपाटात, मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तीच तबकडी सापडते. गाणी टिकण्यामागे लोकप्रियता होतीच. पण निर्णायक ठरली ती प्रतींची संख्या. शिवाय त्या प्रती एकाच मालकाच्या ताब्यात नव्हत्या.

दूरदर्शनचे कार्यक्रम का हरवले?

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीत सुरू झाले. ‘आमची माती, आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘किलबिल’, ‘गजरा’, तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ या कार्यक्रमांनी मुंबईकरांच्या आणि पुढे पुणेकरांच्याही संध्याकाळी बांधून ठेवल्या. स्मिता पाटील याच केंद्रावर बातम्या वाचत असत.

यातले बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, म्हणजे त्यांची नोंद मुळात होतच नसे. जे आधी चित्रित केले जात, त्यांच्यासाठी लागणारी चित्रफीत महाग होती आणि परकीय चलनाची टंचाई होती. या फितीवर पुन्हा पुन्हा चित्रण करता येत असल्याने जुना कार्यक्रम पुसून त्यावर नवा घेतला जाई. आज हे धक्कादायक वाटते, पण तेव्हाच्या हिशेबात ती काटकसर होती. कार्यक्रम एकदा दाखवला की त्याचे काम संपले, असाच समज होता. प्रेक्षकांकडे व्हीसीआर नव्हते, त्यामुळे घरातही प्रत उरली नाही.

चि. वि. जोशींच्या चिमणरावाचे उदाहरण बोलके आहे. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची जोडी आधी छोट्या पडद्यावर गाजली, मग १९७९ मध्ये त्यांचा चित्रपटही आला. चित्रपटाची रिळे निघाली, म्हणजे प्रती निघाल्या. मालिकेचे भाग मात्र केंद्रातल्या फितींच्या भरवशावर राहिले.

दूरदर्शनच्या आठवणींचा हंगाम येतो तेव्हा यादी ‘हम लोग’ (१९८४) आणि ‘रामायण’ (१९८७) यांच्यापासून सुरू होते, तीही यामुळेच. टाळेबंदीत मार्च २०२० मध्ये पुन्हा दाखवले गेले ते ‘रामायण’. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फीत सुरू झालेल्या प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या ओटीटी मंचाचा जुना खजिनाही मुख्यत्वे ऐंशीच्या दशकापासूनचा आहे. मधली दहा-बारा वर्षे आठवणीत आहेत, पडद्यावर फारशी नाहीत.

हे फक्त भारतातच घडले का?

नाही. ब्रिटनच्या बीबीसीनेही फिती पुसल्या. ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे साठच्या दशकातील अनेक भाग आजही बेपत्ता आहेत. अमेरिकेत जॉनी कार्सन यांच्या ‘टुनाइट शो’च्या पहिल्या दशकातल्या बहुतांश फिती गेल्या.

फरक पडला तो पुढे. बीबीसीने १९७८ च्या सुमारास पुसणे थांबवून जतनाचे धोरण आखले. मग शोध सुरू केला. ‘डॉक्टर हू’चे काही भाग परदेशी वाहिन्यांना विकलेल्या १६ मिमी फिल्मच्या प्रतींमुळे परत मिळाले. इथेही कामी आली ती दुसऱ्याच्या हाती असलेली प्रत.

चित्रपटांच्या रिळांचे काय झाले?

त्यांची अवस्था मधली. चित्रपटाची एक मूळ निगेटिव्ह आणि चित्रपटगृहांत फिरणाऱ्या प्रिंट असत. प्रदर्शन संपले की जुन्या प्रिंट ओझे ठरत. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून अनेक प्रिंट चांदी काढण्यासाठी किलोच्या भावाने विकल्या गेल्या. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

सत्तरच्या दशकातील रंगीत चित्रपटांचे दुखणे वेगळे. तेव्हाच्या रंगीत फिल्मचे रंग उडतात आणि चित्र लालसर पडत जाते. त्यातच ॲसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत विघटित होते. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ती आक्रसते, वाकडी होते. एका रिळाला हे लागले की शेजारच्यांनाही धोका. मुंबईच्या हवेत वातानुकूलनाशिवाय ठेवलेल्या डब्यांचे काय होत असेल, हे सांगायला नको. शिवाय बिले थकली म्हणून निगेटिव्ह प्रयोगशाळेतच अडकून पडल्या. पुढे प्रयोगशाळा बंद झाल्या, तशा त्याही बेवारस झाल्या.

एक चित्रपट पुन्हा उभा करायला काय लागते?

मुख्य म्हणजे कुठे तरी राहिलेली दुसरी प्रत. ‘मंथन’ची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती. ध्वनी मात्र फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडे असलेल्या ३५ मिमी प्रिंटवरून घ्यावा लागला. म्हणजे चित्र एका ठिकाणचे आणि आवाज दुसऱ्या ठिकाणचा. विजय तेंडुलकर यांचे पटकथालेखन आणि स्मिता पाटील यांचा अभिनय असलेला, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून उभा राहिलेला हा चित्रपट असा वाचला.

‘शोले’चे त्याहून कठीण होते. मूळ निगेटिव्ह फार खराब झाली होती आणि ७० मिमीची प्रिंट उरली नव्हती. ब्रिटनमधल्या एका गोदामात आणि मुंबईत सापडलेल्या मधल्या प्रतींवरून काम झाले. देशातल्या सर्वात गाजलेल्या चित्रपटाची ही स्थिती. मग एका आठवड्यात उतरलेल्या मराठी चित्रपटाचे काय झाले असेल?

सरकार आणि कायदा काय करतात?

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. पी. के. नायर यांनी त्यासाठी गावोगाव फिरून रिळे गोळा केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. हे पाऊल मोठेच आहे.

कायद्यातली पोकळी मात्र तशीच आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. चित्रपट किंवा दूरचित्रवाणी कार्यक्रमाला अशी सक्ती नाही. कॉपीराइट कायद्याने चित्रपटाचे हक्क ६० वर्षे राहतात. १९७५ च्या चित्रपटाचे हक्क २०३५ अखेरपर्यंत कुणा ना कुणाकडे आहेत. निर्माता गेला, वारसांत एकमत नाही किंवा ते सापडतच नाहीत, अशा वेळी रीळ समोर असूनही त्याला हात लावणे अवघड होते. हक्काची मुदत संपेल तोवर रीळ टिकेलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

पण सगळे यूट्यूबवर आहे ना?

आहे ते दिसते, नाही ते दिसत नाही. त्यामुळे सगळे आहे असा भास होतो. ‘छायागीत’मधली गाणी मिळतात, कारण ती चित्रपटांतली होती. कार्यक्रम म्हणून ‘छायागीत’ कसे होते, त्याच्या आधी-नंतर काय लागे, निवेदिका काय बोलत, हे मिळणे कठीण. शेतकऱ्याशी छोट्या पडद्याने साधलेला संवाद, लेखकांच्या मुलाखती, तेव्हाची बोलीभाषा, कपडे, रस्ते हा सगळा ऐवज सिनेमाच्या गाण्यांत नव्हता, तो दूरदर्शनच्या फितींत होता. मोबाइलवर फिरणाऱ्या अस्पष्ट क्लिपा या कुणीतरी हौसेने सांभाळलेल्या प्रतींच्या प्रती आहेत. त्या मोलाच्या आहेत, पण त्यांना संग्रह म्हणता येत नाही.

आता काय करायला हवे?

पहिले काम यादीचे. मुंबई केंद्राच्या सुरुवातीच्या दशकातले नेमके काय उरले आणि काय गेले, याची सूची प्रसार भारतीने जाहीर करावी. काय हरवले हे कळल्याशिवाय शोधायचे काय, हेच कळत नाही. दुसरे, लोकांना आवाहन. तेव्हाच्या कलाकारांकडे, तंत्रज्ञांकडे, निर्मात्यांकडे संहिता, छायाचित्रे, स्पूल किंवा कॅसेटवर टिपलेला आवाज असू शकतो. ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. कपाट आवरताना या वस्तू रद्दीत जाण्यापूर्वी त्या स्वीकारणारी, परत देण्याची हमी देणारी एक खिडकी हवी.

तिसरे काम कायद्याचे. चित्रपट आणि कार्यक्रमांची एक प्रत सार्वजनिक संग्रहात देणे सक्तीचे व्हावे. हक्क मालकाकडेच राहोत. वारसांचा पत्ता नसलेल्या चित्रपटांचे निदान जतन करण्याची मुभा संग्रहालयाला असावी. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्या अनुदानालाच प्रत जमा करण्याची अट कसोशीने जोडली तर त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागणार नाही.

यावर हरकत येईल ती खर्चाची. फिती पुसल्या गेल्या तेव्हाही कारण खर्चाचेच होते. त्या वेळी वाचलेल्या पैशांचा हिशेब आज कुणाला आठवत नाही. गेलेले कार्यक्रम मात्र आता कितीही पैसे मोजून परत आणता येणार नाहीत. आज साठवण त्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे. त्यामुळे आजच्या मालिका आणि वेब कार्यक्रम एका कंपनीच्या एकाच सर्व्हरच्या भरवशावर सोडले, तर तीच चूक पुन्हा होईल, आणि या वेळी फितीच्या टंचाईचे कारणही देता येणार नाही.