कळवळा नको, चाके हवीत

ज्या मुलास तोल सावरत नाही त्याने धावू नये, हा आपल्या समाजाने न बोलता दिलेला निवाडा होय. १९९१ साली डेन्मार्कमध्ये तो खोटा ठरला. चाकांच्या खुर्चीवरील शर्यतींत पॅरालिम्पिक सुवर्णपदके मिळविणाऱ्या कॉनी हॅन्सन व मन्सूर सिद्दीकी यांनी ‘फ्रेम रनिंग’ हा खेळ जन्मास घातला. तीन चाकांची चौकट, बसावयास खोगीर, छातीस टेकू; पॅडल मात्र नाही. तोल चौकट सांभाळते. धाव खेळाडूच्याच पायांची! सेरेब्रल पाल्सी झालेल्यांचा हा खेळ २०१९ साली दुबईच्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचला.

१९९९ साली परभणीपासून वेगळा झालेल्या हिंगोली जिल्ह्याने यापासून बोध घ्यावा. सेनगाव-कळमनुरीच्या मुलास पुण्या-मुंबईची वाट दाखविणे हे उत्तर नव्हे. खेळांत अपंगांना सहभागी करून घेण्याची जबाबदारी २०१६ च्या कायद्याने शासनावरच टाकली आहे. मग जिल्ह्याच्या क्रीडांगणावर अशा चार चौकटी का नसाव्यात? वैद्यकीय सल्ला लाभल्यास कुशल सायकल-कारागिरास अगम्य वाटावे असे त्यांत काही नाही. सहानुभूतीची भाषणे पुष्कळ झाली. मुले धावावयास सिद्ध आहेत; अडले आहे ते आपले पाऊल.