कायदा आहे, वकील नाही

ब्रिटिश पार्लमेंटने संमत केलेल्या भाडेकरू हक्क कायद्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये राजाची मोहोर उठली. कोणतेही कारण न देता, केवळ दोन महिन्यांची नोटीस देऊन भाडेकरूला घराबाहेर काढण्याची जी मुभा १९८८ च्या कायद्यातील एकविसाव्या कलमाने इंग्लंडमधील घरमालकांना दिली होती, ती या कायद्याने काढून घेण्यात आली. अंमलासाठी १ मे २०२६ ही तारीख मुक्रर झाली. सदतीस वर्षांनी का होईना, झाले ते योग्यच झाले. यापुढे घरमालकाला कारण द्यावे लागेल आणि भाडेकरूने हरकत घेतल्यास ते न्यायालयात सिद्ध करावे लागेल. परंतु हरकत घ्यावयाची म्हणजे ती लिहून देणारा, मुदतीत दाखल करणारा आणि न्यायाधीशापुढे मांडणारा कोणी तरी हवा. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावांतून नेमका हाच माणूस दिसेनासा होत चालला आहे.

आमच्याकडे विलायती वकील म्हटला की बॅरिस्टर आठवतो. गांधीजी बॅरिस्टर होऊन आले, डॉ. आंबेडकर बॅरिस्टर होऊन आले. त्या शब्दाभोवती एक वलय आहे. सॉलिसिटर हा शब्द मुंबई हायकोर्टाच्या परिसरातील जुन्या इमारतींच्या पाट्यांपलीकडे आपल्याला फारसा परिचित नाही. पण सामान्य इंग्रज माणसाची कायद्याशी गाठ पडते ती सॉलिसिटरच्या कचेरीत. घराचे खरेदीखत, आजोबांचे मृत्युपत्र, नवराबायकोची फारकत, पोलिसांनी उचलून नेलेला मुलगा, घरमालकाची नोटीस – या सर्वांचा पहिला कागद तो पाहतो. बॅरिस्टरला तो नंतर आणि गरज पडली तरच गाठतो. म्हणून गावातील मुख्य रस्त्यावर, बँकेच्या शेजारी, पितळी पाटी लावलेली सॉलिसिटरची कचेरी हे तेथील जीवनाचे एक अंगच होते. बापाचे मृत्युपत्र जेथे झाले तेथेच मुलाच्या घराचा दस्त व्हावा, ही रीत होती.

ही कचेरी कशावर चालत होती, ते समजल्याखेरीज ती का बंद पडते हे कळावयाचे नाही. तिचे उत्पन्न मुख्यतः घरांच्या खरेदीविक्रीचे. मोबदला घेऊन असे दस्त करण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी सॉलिसिटरांकडेच होता आणि त्याचा दरही चांगला होता. या उत्पन्नाला जोड मिळाली ती १९४९ च्या कायदेविषयक साहाय्याच्या कायद्याची. ॲटलींच्या मजूर सरकारने रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची केली. वकिलांच्या बाबतीत मात्र त्याने वेगळा मार्ग धरला. गरीब पक्षकाराने गावातल्याच सॉलिसिटरकडे जावे आणि त्याचे शुल्क सरकारने भरावे, अशी ती योजना. घरे विकणाऱ्यांच्या पैशावर कचेरीचे भाडे आणि कारकुनाचा पगार निघे, सरकारच्या पैशावर गरिबाचा दावा चाले. हा हिशेब कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता, पण गावोगाव तो जुळत होता.

एका पिढीच्या आत या हिशेबाच्या दोन्ही बाजू काढून घेण्यात आल्या, आणि दोन्ही वेळा घोषणा ऐकावयास गोड होती. पहिली घोषणा स्पर्धेची. १९८४ साली सॉलिसिटरांना जाहिरात करण्याची मोकळीक मिळाली. १९८५ च्या कायद्याने केवळ घरांचे दस्त करणाऱ्या परवानाधारकांचा नवा वर्ग निर्माण केला. २००७ च्या कायद्याने वकील नसलेल्यांनाही वकिलीच्या कंपनीत मालकी घेता येऊ लागली. एका बड्या दुकानदार कंपनीच्या नावावरून लोकांनी या कायद्याला ‘टेस्को लॉ’ असे टोपणनावच दिले. ग्राहकाचे यात हित झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. मक्तेदारी ही मक्तेदारीच, मग ती वकिलांची का असेना. आणि त्या जुन्या दरांचा जाच घर घेणाऱ्या मध्यमवर्गीयालाच होत असे. पण दूरच्या शहरात बसून, पक्षकाराचे तोंडही न पाहता, स्वस्तात दस्त करणाऱ्या कंपन्या आल्या आणि गावच्या कचेरीचा पाया खचला, हेही तितकेच खरे.

दुसरी घोषणा काटकसरीची. कॅमेरन यांच्या संयुक्त सरकारने २०१२ साली केलेला कायदा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. सरकारी भत्ते नाकारल्याच्या तक्रारी, कर्जाची बहुतेक प्रकरणे, नोकरीवरून काढल्याचे तंटे, आश्रयाखेरीज इतर बहुतेक इमिग्रेशन प्रकरणे, आणि घरगुती छळाचा पुरावा नसेल तर फारकतीचे व मुलांच्या ताब्याचे वाद – या सर्वांतून सरकारी साहाय्य काढून घेण्यात आले. घराच्या बाबतीत ते राहिले, पण घर जाण्याची वेळ येईल किंवा जिवाला अपाय होण्याइतके ते मोडकळीस आले असेल तेव्हाच. म्हणजे भत्ता बंद झाला म्हणून भाडे थकले, तर भत्त्यासाठी वकील नाही. थकबाकीपायी घराबाहेर काढण्याची नोटीस आली की मग वकील! ताप असताना औषध द्यावयाचे नाही, वात झाल्यावर वैद्य धाडावयाचा, अशातला हा प्रकार. पुढे २०२३ च्या ऑगस्टपासून नोटीस हाती पडताच सल्ला मिळण्याची सोय सरकारने केली. पण त्या सोयीसाठीही जवळपास वकील असावा लागतो.

आणि असलेल्या वकिलास मोबदला काय? नागरी प्रकरणांतील दर १९९६ पासून वाढले नव्हते. २०११ साली तर ते दहा टक्क्यांनी उतरविण्यात आले. घराच्या प्रकरणात सल्ल्यासाठी अनेक वर्षे ठोक १५७ पौंड मिळत. काम त्याच्या तिपटीपलीकडे गेले तरच तासांचा हिशेब मांडता येई; त्याआतले सारे काम पदरमोड करून. सरळ प्रकरण असेल तर हे परवडे. ओल आलेल्या भिंती, आजारी मूल, तीन वेळा बदललेला घरमालक आणि हरवलेला करारनामा असे प्रकरण समोर आले की प्रामाणिक वकिलास तोटाच. ज्याने चोख काम करावे त्यालाच दंड बसतो, अशी ही पद्धत. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत नमूद केले की महागाई जमेस धरता हे शुल्क अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या सुमारे निम्मे उरले आहे. सॉलिसिटरांची संस्था असलेल्या लॉ सोसायटीच्या पाहणीप्रमाणे, ज्यांच्या स्थानिक प्रशासनाच्या हद्दीत घराच्या प्रकरणी सरकारी साहाय्याने काम करणारी एकही कचेरी नाही, अशांची संख्या इंग्लंड-वेल्सच्या लोकसंख्येच्या चाळीस टक्क्यांहून अधिक आहे.

समुद्रकाठच्या गावांना याचा फटका अधिक का बसावा? ब्रिटनच्या अगदी पूर्व टोकावरील लोस्टॉफ्ट पाहा. एके काळी हेरिंग मासळीवर आणि उन्हाळी पाहुण्यांवर पोसलेले हे बंदर. मासेमारी आटली, पाहुणे स्वस्त विमानांनी स्पेनला जाऊ लागले. अशा किनारी गावांतून पाहुण्यांसाठी बांधलेली उंच उंच घरे रिकामी पडली, आणि मालकांनी त्यांच्या खोल्याखोल्या करून त्या भाड्याने दिल्या. अन्यत्र भाडे न परवडणारे लोक तेथे येऊन राहिले. लॉर्डस् सभेच्या समितीने २०१९ च्या अहवालात याच दुष्टचक्राकडे बोट दाखविले. त्याच वर्षीच्या सरकारी निर्देशांकात इंग्लंडमधील सर्वांत हलाखीची वस्ती ठरली ती एसेक्सच्या किनाऱ्यावरील जेविक, आणि पहिल्या दहांतील आठ वस्त्या एकट्या ब्लॅकपूलच्या! त्याच किनाऱ्यावर दुसरा वर्ग आहे तो निवृत्त होऊन हवा खाण्यास आलेल्या, स्वतःचे घर असलेल्या वृद्धांचा. त्यांची मृत्युपत्रे व्हावयाची असतात, घरे विकावयाची असतात. उरलेल्या कचेऱ्या त्यांच्यावर जगतात. खिडकीवर ‘तुमच्या गावचे वकील’ असे शब्द असतात, आणि ते खोटेही नसतात. मात्र मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूला त्याच दारातून बहुधा नकार घेऊन परतावे लागते.

लोस्टॉफ्टचे मॅजिस्ट्रेट कोर्ट २०१६ साली बंद झाले. सबंध सफोक परगण्यात असे कोर्ट उरले ते एकट्या इप्सविचला. रेल्वेने दीड तासांचा प्रवास. कोर्ट गेले की त्याच्या आधाराने राहणारा वकीलही उठतो, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. फौजदारी बाजूस तर वकिलांची पिढीच संपत आली आहे. अटकेतील माणसाला पोलीस ठाण्यात मोफत सल्ला देणाऱ्या सॉलिसिटरांचे सरासरी वय २०१८ साली सत्तेचाळीस होते, आणि डॉर्सेट, सॉमरसेटसारख्या परगण्यांत साठ टक्क्यांहून अधिकांनी पन्नाशी ओलांडली होती.

हे सारे आम्ही येथे का लिहीत आहोत, असे कोणी विचारील. पोर्तुगीज अमदानीत ज्यांनी कोर्टाची पायरी चढली, त्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. न्यायाची भाषा पोर्तुगीज होती. ज्याला ती येत नसे त्याचा हक्क दुभाष्याच्या जिभेवर अवलंबून असे. आजही हजारो गोमंतकीय कुटुंबांचा इंग्लंडशी संबंध आहे. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे स्विंडनसारख्या गावांत गेलेल्यांना ब्रेक्झिटनंतर तेथील वास्तव्यासाठी ३० जून २०२१ पूर्वी अर्ज करावयाचा होता. ज्यांची मुदत हुकली त्यांना उशिराचे सबळ कारण पटवून द्यावे लागते. स्विंडन समुद्रकाठी नाही, पण कायदा तोच. या प्रकरणांतून सरकारी साहाय्य २०१३ सालीच गेले आहे. वकील परवडत नाही तेथे दलाल उभा राहतो. अधिकृत नोंदणीवाचून इमिग्रेशनचा सल्ला देणे हा तेथे १९९९ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि नोंदणी झालेल्यांची यादी कोणालाही पाहता येते. मडगावात किंवा म्हापशात बसून मुलासाठी पैसे पाठविणाऱ्या आईबापांनी आधी ती यादी पाहावी, एवढे आम्ही आग्रहाने सांगू.

आपल्या घटनेत मोफत कायदेविषयक साहाय्याचे ३९-अ हे कलम १९७६ साली आले, १९८७ चा कायदा १९९५ च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीजमाती, कोठडीतील माणसे यांना उत्पन्न न पाहता वकील देण्याचे वचन त्यात आहे. इंग्लंडच्या आजच्या तरतुदीहून हे उदार आहे. पण यादीवरील वकिलास मानधन किती मिळते आणि त्या मानधनात गावचा अनुभवी वकील काम घेतो काय, हा प्रश्न लोस्टॉफ्टइतकाच काणकोण-पेडण्यालाही लागू आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने घर व इमिग्रेशन या दोन विभागांतील शुल्क वाढविण्याची घोषणा केली. उशीर झाला तरी आम्ही तिचे स्वागत करतो. तथापि वाढीव शुल्क मिळणार ते ज्या कचेऱ्या टिकल्या त्यांना. जेथे कचेरीच उरली नाही, तेथे ते घेणार कोण? सॉलिसिटर होण्यास पदवी, परीक्षा आणि दोन वर्षांचे प्रत्यक्ष काम लागते. एवढे करून कर्ज डोक्यावर असलेला तरुण लोस्टॉफ्टला येऊन १५७ पौंडांऐवजी थोडे अधिक घेण्यासाठी पाटी लावील, असे मानणे भाबडेपणाचे आहे. १९७० साली लंडनमधील नॉर्थ केन्सिंग्टन येथे पहिले विधी केंद्र निघाले, तेव्हापासून एक दुसरा मार्ग त्या देशाला ठाऊक आहे. त्या केंद्रांतील वकील पगारी असतो. प्रकरण तीन तासांत संपले काय किंवा तीस तास चालले काय, त्याचा पगार प्रकरणागणिक घटत नाही. किनाऱ्यावरील गावांसाठी पैसे काढावयाचेच असतील, तर ते प्रकरणामागे न मोजता अशा कचेरीमागे मोजावेत आणि तिची पहिली पाटी लोस्टॉफ्ट, जेविक, ब्लॅकपूल यांसारख्या ठिकाणी लागावी, असे आमचे मत आहे.