तैलरंगातील मंगोल माणूस

मंगोलिया हे नाव घेतले की सामान्य वाचकाला चंगीझखान आठवतो, त्याचे घोडदळ आठवते आणि फार तर गोबीचे वाळवंट आठवते. त्या देशात तैलरंगात माणसे रंगविण्याची एक ठळक परंपरा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांच्या येते त्यांपैकी पुष्कळजण ती एका वाक्यात निकालात काढतात. विसाव्या शतकाच्या मध्यास रंगविलेला एखादा पशुपालक किंवा घोडीचे दूध काढणारी स्त्री पाहिली की ‘ही तर मॉस्कोची उसनवारी’ असा शेरा मारला जातो. दिसायला हा शेरा बिनतोड आहे. पण तो अर्धाच खरा आहे, आणि कलेच्या व्यवहारात अर्धसत्याने होणारी हानी निखळ असत्यापेक्षा अधिक असते.

मंगोलियाची जुनी चित्रकला बौद्ध मठांच्या आश्रयाने वाढली. तिचे मूर्तिशास्त्र भारतातून तिबेटमार्गे तेथे पोहोचले. थोर शिल्पकार झानाबाझार (१६३५–१७२३) हा तर तिबेटी इतिहासकार तारानाथाचा अवतार मानला जाई. त्याने घडविलेल्या तारामूर्ती हे त्या देशाचे आजही भूषण आहे. मठातील चित्रकार सरस व खडू लावून घोटलेल्या कापडावर खनिज रंगांनी चित्र काढी. देवतेच्या प्रत्येक अवयवाचे प्रमाण शास्त्राने ठरलेले असे. या चित्रांत प्रकाश एका बाजूने येत नाही आणि सावली पडत नाही. कारण चित्रविषय काळाच्या पलीकडचा मानलेला आहे. अशा चित्रात अमुक एका माणसाचा चेहरा, त्याचे वय, त्याचा थकवा यांना स्थान नसणे स्वाभाविकच होते.

त्या चौकटीत माणूस शिरला तो मॉस्कोची आज्ञा येण्यापूर्वीच. बालदूगीन शाराव (१८६९–१९३९) हा मठात शिकलेला चित्रकार. ‘मंगोलियातील एक दिवस’ या त्याच्या प्रसिद्ध चित्रात शेकडो छोट्या माणसांची गर्दी आहे. ही माणसे नमदे तयार करतात, जनावरे राखतात, लग्ने लावतात, भांडतात आणि मरतातही. पुढे त्यानेच बोग्द खान आणि राणी दोंदोगदुलाम यांची व्यक्तिचित्रे काढली. त्यांतील वस्त्रे व आसने जुन्या पद्धतीने सपाट रंगविलेली आहेत. चेहऱ्यांना मात्र छायाचित्रासारखा उठाव आहे. १९२१ च्या क्रांतीनंतर लेनिनचे चित्र काढणारा हातही हाच. माणसाचा चेहरा जसा आहे तसा पाहण्याची ओढ मंगोल चित्रकाराच्या मनात आधीच जागी झाली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

तरीही शेऱ्याचा खरा असलेला अर्धा भाग झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तैलरंग मंगोलियात रुजले ते मोकळ्या हवेत नव्हे. १९३७ ते १९३९ या काळातील दडपशाहीत हजारो लामांना ठार मारण्यात आले आणि शेकडो मठ उद्ध्वस्त झाले. मठ ही चित्रकाराची शाळाही होती आणि त्याचा आश्रयदाताही. गुरूकडून शिष्याकडे जाणारी विद्या अशी मध्येच तोडली गेली. त्यानंतरच्या पिढीतील होतकरू तरुण मॉस्कोच्या सुरिकोव्ह संस्थेत शिकायला गेले आणि समाजवादी वास्तववाद शिकून परतले. जुने आणि नवे दोन्ही समोर ठेवून त्यांनी नवे निवडले, असे म्हणता येत नाही. एक दार भिंत घालून बंद केले असता दुसऱ्या दाराने जाणाऱ्याच्या स्वेच्छेचे गोडवे गाण्यात अर्थ नसतो.

परंतु आलेल्या माध्यमाचे या चित्रकारांनी काय केले, हा प्रश्न यानंतरही उरतोच. तैलरंग सावकाश वाळतो. एक छटा दुसरीत मिसळता येते. उन्हावाऱ्याने रापलेल्या त्वचेसाठी आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी इतके समर्थ साधन दुसरे नाही. त्यातच चित्रशाळेत शिकविलेला प्रकाश खिडकीतून, एका बाजूने येणारा; तर ‘गेर’ या गोल नमद्याच्या तंबूत तो छताच्या मधल्या कड्यातून खाली उतरतो आणि कपाळ व गालांची हाडे उजळून डोळे छायेत ठेवतो. अशा तंबूत बसलेल्या माणसाला प्रामाणिकपणे रंगवायचे तर पाठ्यपुस्तकातील उजेड उपयोगी पडत नाही. तेथे चित्रकाराला स्वतःच पाहावे लागते; आणि जेथे तो स्वतः पाहू लागतो तेथे उसनवारी संपू लागते. सुरिकोव्ह संस्थेतच शिकलेला न्याम-ओसोरीन त्सुलतेम हा तैलचित्रकार पुढे आपल्या देशाच्या कलेचा इतिहासकार झाला, आणि झानाबाझारवर १९८२ मध्ये व ‘मंगोल झुराग’ या राष्ट्रीय चित्रशैलीवर १९८६ मध्ये त्याची पुस्तके निघाली, हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

या ‘मंगोल झुराग’ची कथा तर दोन्ही पक्षांना निरुत्तर करणारी आहे. सपाट रंग, ठाशीव रेषा आणि नक्षीचा सोस असलेली ही शैली शुद्ध देशी म्हणून मिरविली जाते. तिचे मानदंड ठरलेले चित्र म्हणजे ऊरजिंगीन यादामसुरेनचे १९५८ मधील ‘वृद्ध वादक’. अश्वमुखी ‘मोरिन खुर’ वाजविणारा हा म्हातारा त्या देशात घरोघरी ओळखीचा आहे. पण हा यादामसुरेनही मॉस्कोत शिकून आलेला! त्या म्हाताऱ्याच्या भोवती परंपरा आहे, आणि त्याच्या हाडामांसात परक्या शाळेत घोटलेला मानवदेहाचा अभ्यास आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने या चित्रातून नेमके काय वगळावे?

१९९० मध्ये मंगोलियातील एकपक्षीय राजवट संपली. मठ पुन्हा उघडले, पक्षाचे फर्मान गेले आणि कलावंत मोकळे झाले. २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मंगोलियाचे स्वतंत्र दालन प्रथमच उभे राहिले. २०१७ मध्ये ‘डॉक्युमेंटा’त नोमिन बोल्ड, बातारझोरिग बातजारगल यांच्यासारख्यांची चित्रे लागली. हे सारे अभिमानास्पदच आहे. पण फर्मान गेले म्हणजे दडपण गेले असे नव्हे. पर्यटकाला भिंतीवर लावायला घोडा हवा असतो, गेर हवा असतो, आणि माणूस हवाच असला तर तो रंगीत ‘देल’ घातलेला, हसतमुख आणि निनावी हवा असतो. पूर्वी पक्षाला आदर्श पशुपालक हवा होता. आता बाजाराला नयनरम्य पशुपालक हवा आहे. विशिष्ट नाव, वय आणि दुःख असलेला माणूस दोघांनाही गैरसोयीचाच. ज्या देशाची आजची लोकसंख्या साडेतीन कोटी नव्हे, जेमतेम पस्तीस लाख आहे, तेथे परक्या ग्राहकाच्या रुचीचे वजन किती पडत असेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच एखादे मंगोल तैलचित्र समोर आले असता रंग कोठून आले, ही पहिली चौकशी असू नये. रंग कोठूनही येतात. त्यांना राष्ट्रीयत्व नसते. चित्रातील माणूस कोणाच्या तरी सांगण्यावरून तेथे बसला आहे, की चित्रकाराने त्याला खरोखर पाहिले आहे, ही चौकशी आधी व्हावी. शारावने खनिज रंगांत, यादामसुरेनने देशी रेषेत आणि त्यांच्या पाठीमागून आलेल्यांनी तैलरंगांत जे मिळविले ते या पाहण्याच्या बळावर. हे पाहणे हुकमाने आणता येत नाही, तसेच ते पैशानेही विकत मिळत नाही. छोट्या राष्ट्राची कला टिकायची असेल तर ती टिकेल याच एका गोष्टीवर.