थोरांचे भांडण आणि कांद्याची चाळ

दिवाळीच्या फराळाला बसल्यावर माणसाने चकली खुसखुशीत झाली की नाही एवढ्याचीच चर्चा करावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण आम्हा नाशिककरांना ते सुख नाही. ओझरच्या दिशेने एखादे लढाऊ विमान गडगडत डोक्यावरून जाते आणि ताटाभोवती लगेच दोन तट पडतात. शेजारच्या आप्पांची उभी हयात ओझरच्या कारखान्यात मिग विमाने जोडण्यात गेली. त्यांच्या लेखी रशिया म्हणजे अडीनडीला धावणारा सख्खा भाऊ. आमच्या मेहुण्यांचा मुलगा न्यू जर्सीत. त्यांच्या लेखी अमेरिका म्हणजे साक्षात कल्पवृक्ष. दोघेही भल्या घरचे, शहाणेसुरते. पण या एका विषयावर दोघेही चुकतात, आणि एकच चूक करतात.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत एक नायक आणि एक खलनायक लागतो, हे मला ठाऊक आहे. पण जगाच्या राजकारणातही जो नायक शोधत बसतो, त्याची मला कीव येते.

आप्पांचा मिगच घ्या. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ साली आमच्याच नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ साली ते अमेरिकेला गेले. आपल्याला हवी होती ती स्टारफायटर विमाने अमेरिकेने दिली नाहीत. रशियाने मिग दिले, आणि ते येथे बांधण्याची मुभाही दिली. ओझरचा कारखाना त्याच सालचा. हे उपकार खरे. मी ते नाकारीत नाही. पण ते निव्वळ प्रेमापोटी झाले काय? रशियाचे तेव्हा चीनशी बिनसले होते, अमेरिकेशी तर वैरच होते. दोन थोर भांडत होते, म्हणून तिसऱ्याला भाव आला.

आमच्या जिल्ह्यातला कोणताही कांदेवाला शेतकरी हे तत्त्व तुम्हाला समजावून सांगेल. लिलावात दोन व्यापारी इरेला पेटले की त्याच्या ट्रॉलीला भाव चढतो. तेच दोघे कोपऱ्यातल्या टपरीवर एका चहाचे दोन अर्धे करून पिऊ लागले, की त्याच्या पोटात गोळा येतो. थोरांच्या भांडणापेक्षा थोरांची गट्टी धाकट्याला अधिक महाग पडते.

खोटे वाटते? १९६८ साल आठवा. व्हिएतनामात अमेरिका लढत होती आणि समोरच्याला शस्त्रे पुरवीत होता रशिया. पण त्याच वर्षी १ जुलैला दोघांनी अण्वस्त्र प्रसारबंदीच्या करारावर सह्या केल्या. ज्यांच्याजवळ अण्वस्त्रे आहेत त्यांनी ती राखावी, बाकीच्यांनी हात जोडावेत! आपण सही केली नाही, आणि १९७४ साली पोखरणला स्फोट केला. तेव्हा अणुसामग्रीची दारे बंद करायला एकत्र बसलेल्यांत अमेरिका होती, तसा आपला ‘सख्खा भाऊ’ही होता. १९९३ साली अमेरिकेने डोळे वटारताच रशियाने अग्निबाणाचे क्रायोजेनिक तंत्र देण्याचा शब्द मागे घेतला. तयार इंजिने देऊ. विद्या देणार नाही!

आणि मेहुण्यांचा कल्पवृक्ष? १५ ऑगस्ट २०२५ ला, ऐन आपल्या स्वातंत्र्यदिनी, अमेरिकेचे आणि रशियाचे अध्यक्ष अलास्कात लाल गालिच्यावर हस्तांदोलन करीत होते. त्यानंतर बाराव्या दिवशी अमेरिकेने आपल्या मालावर आणखी २५ टक्के कर बसवला. गुन्हा कोणता? तर आपण रशियाचे तेल घेतो! सर्वांत जास्त रशियन तेल घेणाऱ्या चीनवर मात्र तो दंड बसला नाही. कारण उघड आहे. चीनला दुखवले तर आपलेही दुखेल, हे अमेरिकेला ठाऊक होते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग काय मास्तर, दारे लावून घरात बसायचे?’ मुळीच नाही. माल विकावा, माल घ्यावा, सर्वांशी गोड बोलावे. पण शेतकऱ्याला ‘आज विकत नाही’ असे कधी म्हणता येते? घरी कांद्याची चाळ असेल तर! उन्हाळ कांदा चाळीत महिनोन् महिने टिकतो. ज्याची चाळ आहे तो ट्रॉली माघारी नेऊ शकतो; ज्याची नाही, त्याला टपरीवर ठरलेला भाव मुकाट्याने घ्यावा लागतो.

देशाची चाळ म्हणजे त्याची स्वतःची विद्या. १७ ऑक्टोबर २०२५ ला, वसुबारसेच्या दिवशी, ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. माझा ऊर भरून आला. पण त्याच्या पोटातले इंजिन अमेरिकेचे. अशा ९९ इंजिनांचा करार २०२१ साली झाला आणि पहिले इंजिन यायला २०२५ उजाडले. आपले कावेरी इंजिन तेजसच्या योजनेतून २००८ सालीच बाजूला पडले होते. विमान आपले, कारागीर आपले, आभाळ आपले. आणि वाट मात्र परक्याच्या दाराकडे पाहायची!

चाळ बांधणे अशक्य नाही. १९९३ साली नाकारलेली ती क्रायोजेनिक विद्या आपल्या शास्त्रज्ञांनी वीस वर्षे झिजून मिळवली, आणि ५ जानेवारी २०१४ ला आपल्याच इंजिनावर जीएसएलव्ही अग्निबाण उडवला. तेव्हा ना भाऊ धावला होता, ना कल्पवृक्ष फळला होता.

पण ही चाळ दिल्लीत बांधायला सुरुवात होत नाही. ती शाळेत होते. मी ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप असे. काचेची भांडी फुटू नयेत म्हणून! एका मुलाने मला विचारले, ‘सर, विमान आपण बांधतो, मग इंजिन का नाही बांधत?’ मी त्या कुलपाकडे पाहिले आणि गप्प राहिलो. ती शरम अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हा आप्पा, मेहुणे आणि वाचकहो, यंदा फराळाला बसाल तेव्हा रशिया थोर की अमेरिका, हा वाद एक दिवस बाजूला ठेवा. शेजारी बसलेल्या पोराने भुईचक्र का फिरते असे विचारले, तर ‘गप्प बस, चकली खा’ म्हणू नका. त्याला उत्तर द्या. येत नसेल तर दोघे मिळून शोधा. फुटली एखादी काचेची बरणी, तर फुटू द्या.