फ्लॉरेन्समधील चौविहार
गुलमंडीहून हिवाळी सुटीत फ्लॉरेन्सला निघणाऱ्या दांपत्याने प्रथम सूर्यास्ताची वेळ टिपून घ्यावी. डिसेंबरात तेथे पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. उपाहारगृहे मात्र रात्रीच्या भोजनासाठी बहुधा सातनंतर उघडतात. म्हणून दुपारचे भोजन मुख्य मानावे, सायंकाळसाठी घरचा खाखरा जवळ ठेवावा. पार्मेजान चीज वर्ज्य समजावे. वासराच्या जठरातील द्रव्याने दूध साकळवून ते करतात.

चौविहार आटोपल्यावर पोंते वेक्कियो पुलावर फिरावे. तेथे पूर्वी खाटिकांची दुकाने होती; दुर्गंधीमुळे १५९३ मध्ये फेर्दिनांदो मेदिचीने ती हटवून सोनारांना जागा दिली. आजही तेथे सराफाच आहे. नियम दोघांनी मिळून पाळला, तर परदेशातही तो ओझे होत नाही.